संशयासकट विकणे आहे

जुनी गाडी विकताना माणूस काय काय सांगतो, त्याची यादी महाराष्ट्रभर साधारण एकच आहे. गाडी 'सिंगल हँड' वापरलेली असते. ती डॉक्टरांची असते, नाहीतर बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंची. ती फक्त रविवारी देवळापर्यंत जाऊन आलेली असते आणि तरीही तिचे चारही टायर गुळगुळीत असतात. मीरा रोडच्या शांती नगरात या यादीला एक स्थानिक पुरवणी आहे: "पार्किंगचाच प्रॉब्लेम हो, नाहीतर विकली नसती." एवढं एक वाक्य मात्र खरं असतं. इथले सेक्टर उभे राहिले त्या काळी स्टेशनपासून चालत जाता येईल असं स्वतःचं घर मिळालं, की माणसाचं गंगेत घोडं न्हायचं. पुढे ते घोडं बांधायचं कुठे, याचा विचार कोणी केला नव्हता. आता स्कूटर जिन्याखाली असते, मोटार रस्त्यावर असते आणि मालक गॅलरीत असतो.

विकणारा एक गोष्ट मात्र हटकून सांगायची विसरतो. गाडी सुरू कशी करायची, ही.

व्यवहार रीतसर होतो. पैसे मोजले जातात, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या होतात, यथावकाश आरसीवर नवं नाव चढतं. 'आधी सीटखालचं बटण दाबावे' असा रकाना मात्र या दोन्ही फॉर्मांत नाही. त्यामुळे खरेदीनंतरचा पहिला आठवडा नवा आणि जुना मालक फोनवरच काढतात.

"अहो, सेल्फ फिरतोय, पण गाडी लागत नाही."

"अ‍ॅशट्रे ओढलात का?"

"मी सिगारेट ओढत नाही."

"मीपण नाही ओढत. तुम्ही अ‍ॅशट्रे ओढा."

अ‍ॅशट्रे बाहेर येतो, त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढं काळं बटण असतं. ते खाली केलं की गाडी लागते. हाच तो चोर स्विच. बॅटरीकडून इग्निशनकडे किंवा पेट्रोलच्या पंपाकडे जाणारी वायर मध्येच कापायची, तिथे एक बटण बसवायचं आणि ते कुठे आहे हे कोणाला सांगायचं नाही. एवढंच त्याचं शास्त्र. आरटीओ गाडीची मालकी बदलून देते. आधीच्या मालकाचा जगावरचा अविश्वास मात्र गाडीतच राहतो आणि तो घेणाऱ्याला फुकट मिळतो. तिसऱ्या-चौथ्या हाताची गाडी असेल, तर प्रत्येकाने आपापल्या वकुबाप्रमाणे त्यात भर घातलेली असते. शिवाय आधीच्याचं काढून टाकायची हिंमत कोणी केलेली नसते, कारण कुठली वायर कशाची हे कोणालाच माहीत नसतं.

ही भीती जुनीच आहे, साधनं बदलत गेली. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात जाणकार माणूस रात्री बोनेट उघडून डिस्ट्रिब्युटरमधला रोटर काढायचा आणि खिशात घालून घरी जायचा. एवढासा तो तुकडा नसला, की ठिणगी कुठल्याच प्लगपर्यंत पोचत नाही. 1940 साली जर्मन सैनिक हवाई छत्रीने उतरून आपल्याच मोटारी पळवतील, या धास्तीने ब्रिटनमध्ये उभी गाडी अशी निकामी करून ठेवणं कायद्यानेच सक्तीचं झालं होतं आणि त्यासाठी रोटर काढणं ही मान्य पद्धत होती. आपल्याकडे जर्मन यायचे नव्हते, पण मेहुणा यायचा. "जरा विरारला जाऊन येतो, चावी द्या" म्हणणाऱ्या मेहुण्याच्या हातात हसतमुखाने चावी ठेवता यायची, कारण रोटर पायजम्याच्या खिशात असायचा.

स्कूटरवाल्यांचं तर याहून सोपं होतं. चेतकचा पेट्रोल कॉक बंद करून ठेवायचा. चोराने गाडी नेलीच, तरी कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंतच ती जाणार. म्हणजे चोर पुढच्या नाक्यावर घाम पुसत किका मारत असणार आणि मालक मागून दात घासत सावकाश येणार. बरेचदा मालक स्वतःच कॉक उघडायला विसरायचा आणि ऑफिसला जाताना त्याच नाक्यावर किका मारायचा, हा भाग वेगळा.

मग लोखंडाचं युग आलं. स्टीअरिंगला आडवा लावायचा दांडा अमेरिकेत लोकप्रिय केला पेनसिल्व्हेनियाच्या जिम विनर यांनी, ऐंशीच्या दशकात. त्यांची स्वतःची कॅडिलॅक चोरीला गेली होती. कोरियाच्या युद्धात जीपच्या स्टीअरिंगला साखळी बांधून ठेवत, ते त्यांना आठवलं आणि त्यातून हा दांडा निघाला. चोर मोठे व्यवहारी निघाले. दांडा पोलादी असेल, पण स्टीअरिंगची कडी नरम असते, म्हणून ते करवतीने कडीच कापू लागले. शांती नगरात हा दांडा मी भरपूर पाहिला आहे, पण बहुतेक वेळा मागच्या सीटवर, छत्रीशेजारी. पार्किंगवरून होणाऱ्या चर्चेत तो हाताशी असलेला बरा, असं एका सभासदाचं मत आहे.

गिअर लॉकची कथा याहून गुंतागुंतीची, कारण ती थेट आमच्या नागरी जीवनाला भिडते. आमच्याकडे रात्री गाडीमागे गाडी लागते, त्या गाडीला आडवी तिसरी. यातून सकाळी माणसं कामावर जातात, ती एका अलिखित नियमामुळे: मागे लावणाऱ्याने गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा नाही. पहाटे आतल्याला निघायचं असलं की वॉचमन, दूधवाला आणि योगासनांहून परतणारे दोन ज्येष्ठ नागरिक मिळून ती गाडी हळूच पुढे सरकवतात. खाडीकाठची सपाट जमीन असल्यामुळे हे जमतं. हीच पद्धत पुण्यात टेकडीवर वापरून पाहू नये. या व्यवस्थेत ज्याने गिअर लॉक लावून गाडी ठेवली, तो संपला. गिअर लॉक बहुधा गाडी रिव्हर्समध्ये टाकून लावतात. ती ढकलली तर हलत नाही, शिव्या दिल्या तरी हलत नाही. मग चौथ्या मजल्यावरच्या त्या सावध माणसाला सहा वाजता बनियनवर खाली यावं लागतं. आठवड्यातून तीनदा असं झालं की तो लॉक लावणं आपणहून सोडतो.

सेकंडहँड गाडीत या लॉकची चावी तर हमखास हरवलेली असते. आमच्या मागच्या गल्लीत एकाला घेतलेली गाडी पोचवायला आलेला माणूस लॉक लावून निघून गेला, आणि मग लक्षात आलं की लॉकची दुसरी चावी कधी नव्हतीच. इंजिन उत्तम चालू, पण गाडी फक्त मागे जाते. ते गृहस्थ सेक्टरच्या टोकाच्या गॅरेजपर्यंत मान वळवून, सगळा रस्ता मागे मागे गेले. रिव्हर्सला वाजणारी धून चालूच होती. रिक्षावाले बाजूला झाले, एकाने नमस्कारही केला.

खरं सांगायचं तर, शांती नगरात सगळ्यात भरवशाचं चोरीप्रतिबंधक साधन म्हणजे मागे लागलेली दुसऱ्याची गाडी. जी आपल्याला सकाळी आठ वाजता बाहेर काढता येत नाही, ती चोराला रात्री दोन वाजता काय काढता येणार?

आता आमच्या विज्ञानाच्या सरांबद्दल सांगायला हवं. निवृत्त शिक्षक. अंधश्रद्धा निर्मूलनावर शाळाशाळांतून व्याख्यानं देतात, जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवतात. त्यांनी एका व्यापाऱ्याकडून छोटी मोटार घेतली. डॅशबोर्डवर पितळी गणपती होता. सरांनी घरी आल्याबरोबर तो आदराने काढला, रुमालात गुंडाळला आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी गाडी लागेना. सेल्फ व्यवस्थित फिरत होता, पेट्रोल होतं, बॅटरी नवी होती. तास गेला. शेवटी सरांच्या पत्नी खाली आल्या, त्यांनी गणपती काढून जागेवर ठेवला, हात जोडले आणि म्हणाल्या, "आता मारा." गाडी एका फटक्यात लागली.

सर म्हणाले, योगायोग. आणि प्रयोगशील माणूस असल्यामुळे त्यांनी लगेच गणपती पुन्हा उचलला. इंजिनाने मान टाकली. ठेवला, लागलं. उचलला, बंद. तोवर भोवती निम्मी इमारत जमली होती. सर घामाघूम झाले होते, कारण त्यांच्याच व्याख्यानातल्या सगळ्या कसोट्यांना हा प्रयोग उतरत होता: पुन्हा पुन्हा करता येत होता, साक्षीदार होते आणि निकाल दर वेळी तोच येत होता. तळमजल्यावरच्या काकांनी नारळ मागवला.

संध्याकाळी ऑटो इलेक्ट्रिशियन आला. मीरा-भाईंदरमधला हा वर्ग भविष्य सांगणाऱ्यांपेक्षा कमी बोलतो आणि जास्त जाणतो. त्याने सीटवर पाठ टेकून, पाय बाहेर काढून, डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि आतूनच पूर्वीच्या मालकांची चरित्रं सांगायला सुरुवात केली. "हे लाल टेपवालं पहिल्या मालकाचं, चांगलं काम आहे. हा रिले दुसऱ्याने टाकलाय, घाबरट माणूस. ही वायर कुठेच जात नाही." मग थोडा वेळ शांतता, आणि मग हसणं. गणपतीच्या बैठकीत जुन्या स्पीकरमधला चुंबक चिकटवलेला होता. बरोबर त्याच्या खाली, डॅशबोर्डच्या प्लास्टिकआड, रीड स्विच होता: काचेच्या नळीत लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या, चुंबक जवळ आला की एकमेकींना टेकणाऱ्या. त्या टेकल्या की रिले लागतो, रिले लागला की पेट्रोलचा पंप चालतो. चोर आलाच, तर देवाला हात लावणार नाही किंवा आधी देवच उचलून खिशात घालेल. दोन्ही शक्यतांचा विचार व्यापाऱ्याने केला असावा. सरांना इतकं सुटल्यासारखं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे चुंबकत्वावर वीस मिनिटं माहिती दिली. पत्नी शांतपणे ऐकून म्हणाल्या, "पण पट्ट्या टेकवतो कोण?" गणपती आजही जागेवर आहे. सर तो अँटी-थेफ्ट म्हणून ठेवतात, बाई गणपती म्हणून. गाडी दोघांनाही लागते.

चोर स्विचचं गुपित टिकत नाही, याचं एक कारण अगदी साधं आहे. इलेक्ट्रिशियनकडे वायर हातभरच असते. त्यामुळे तो बटण ठरलेल्या चार-पाच जागांपैकीच एकीत बसवतो: अ‍ॅशट्रेमागे, सीटखाली, फ्यूज बॉक्सशेजारी, स्कूटर असेल तर डिकीच्या कोपऱ्यात. म्हणजे सेक्टरमधल्या ज्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या, त्या सगळ्यांची बटणं याच चार-पाच जागी. मालक एकमेकांपासून लपवतात आणि प्रत्येकाच्या गाडीत ते तिथेच असतं. त्यात गाडी धुणारा पोरगा, ड्रायव्हिंग शिकणारा मुलगा, वॉचमन आणि पार्किंगच्या भांडणात एकदा चावी घेऊन गाडी काढणारे सेक्रेटरी, यांना सगळं ठाऊक असतंच. चोर सोडून सर्वांना माहीत असलेलं बटण, अशी त्याची स्थिती होते. चोराला त्याची गरजही नसते; तो गाडी टोचन लावून नेतो आणि बटण सावकाश शोधतो.

अलार्मवाल्यांची वेगळी जात. नाशिकच्या ऑटोकॉपचं नाव एके काळी असं रुळलं होतं की डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकताना दिसला, की "ऑटोकॉप लावलाय" असंच लोक म्हणायचे. मग काहींना दिव्याचंच महत्त्व कळलं आणि ते गॅरेजमधून नुसता दिवाच लावून घेऊ लागले. ज्यांनी खरा अलार्म लावला, त्यांच्या धक्क्याच्या सेन्सरला चोर आणि मांजर यातला फरक कळत नसे. दिवाळीत पहाटे पहिला सुतळी बॉम्ब फुटला की गल्लीतल्या झाडून सगळ्या गाड्या ओरडायला लागतात. सहा प्रकारचे आवाज, तेच सहा, त्याच क्रमाने. अभ्यंगस्नानाचं उटणं अंगाला लावलेली माणसं गॅलरीत येऊन रिमोट हवेत धरतात. रिमोटमध्ये बारा व्होल्टची ती छोटी बॅटरी लागते, टीव्हीच्या रिमोटचा सेल तिथे बसत नाही, आणि सणाच्या दिवशी दुकान बंद असतं. हे इतक्या वेळा झालं आहे, की खरोखर मध्यरात्री अलार्म वाजला तर कोणी पडदाही सरकवत नाही. फार तर शेजारी आपल्या बायकोला सांगतो, "त्यांचीच आहे."

सेकंडहँड गाडीत हा रिमोट बहुधा मिळत नाही, मिळाला तर त्याची एक कळ गेलेली असते, आणि ती नेमकी बंद करायची असते.

नव्या गाड्यांत कंपनीनेच इमोबिलायझर दिलेला असतो. चावीच्या डोक्यात एक चिप, कुलपाभोवती तारेचं वेटोळं. चावी आत गेली की वेटोळं चिपला तिचा सांकेतिक क्रमांक विचारतं, तो जुळला तरच इंजिन चालतं. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं झालं. चिप नसल्यामुळे स्टेशनबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याने घासून दिलेल्या चावीने आता दार उघडतं, गाणी लागतात, गाडी मात्र लागत नाही. अमेरिकेत किया आणि ह्युंदाईच्या कितीतरी मॉडेलांत हे यंत्र नव्हतं. शाळकरी पोरं यूएसबीच्या टोकाने त्या गाड्या सुरू करतात, असे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची साथच आली. 2023 साली कंपन्यांनी सॉफ्टवेअर सुधारून दिलं, आणि सोबत काय वाटलं? पोलिसांमार्फत, फुकट, स्टीअरिंगला लावायचे लोखंडी दांडे.

गाडी गेलीच, तर पुढची गाठ विमा कंपनीशी. मीरा-भाईंदर-वसई-विरारला 2020 मध्ये स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आलं, चोरीचं कलम 379 चं 303(2) झालं, पण विमावाल्यांचा पहिला प्रश्न बदललेला नाही: "दोन्ही ओरिजिनल चाव्या द्या." जुनी गाडी घेणाऱ्याकडे एकच चावी असते. दुसरी आधीच्या मालकाकडे होती, त्याच्याआधी त्याच्या मेहुण्याकडे. म्हणजे गाडी चोराकडे, चावी मेहुण्याकडे आणि संशय आपल्यावर. पोलिसांनी 'ए समरी', म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल, मिळवून दिला तरी चावीचा प्रश्न उरतोच. पुण्याच्या एआरएआयची मान्यता असलेलं यंत्र लावलं असेल, तर मोटारीच्या हप्त्यात जुन्या टॅरिफप्रमाणे अडीच टक्के सूट असे, जास्तीत जास्त 500 रुपये. अ‍ॅशट्रेमागच्या बटणाला अशी मान्यता नसते, आणि गणपतीला तर ती मागणार कोण?

सरकारनेही आपल्या परीने उपाय केला आहे. उच्च सुरक्षा नंबर प्लेट, लेझरने कोरलेल्या क्रमांकाची, एकदा बसवली की तोडल्याशिवाय न निघणारी. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना ती लावण्याची मुदत महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि आमच्याकडचे लोक प्रत्येक मुदतीच्या आदल्या रात्री जागत राहिले. आता नंबर प्लेट चोरणं जवळजवळ अशक्य आहे. गाडीसकट नेली तर गोष्ट निराळी.

सध्या जीपीएसचा जमाना आहे. सीटखाली लपवलेली डबी, तिच्यात सिम कार्ड, मोबाईलवर अ‍ॅप. गाडी कुठे आहे ते दिसतं आणि एक कळ दाबली की इंजिन बंदही करता येतं. सेक्टरमधल्या एका तरुणाने अशी डबी असलेली गाडी घेतली, अर्थातच डबीबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. महिनाभराने सुरतेला राहायला गेलेल्या आधीच्या मालकाचा फोन आला. चौकशी आपुलकीची होती. "घोडबंदर रोडला फार जाता हो तुम्ही. आणि परवा लोणावळा? पावसात? ब्रेक तपासून घेतले होते ना?"

तरुण हादरला. डबी काढून टाकायची असं ठरलं, इलेक्ट्रिशियनला बोलावणंही गेलं. तेवढ्यात एका सकाळी त्याला गाडी सापडेना. चोरीला गेली नव्हती. आदल्या रात्री जागा मिळेपर्यंत फिरता फिरता त्याने ती कुठे लावली, हे त्याला आठवत नव्हतं. शांती नगरात हे कोणाचंही होतं. अर्धा तास गल्ल्या धुंडाळून झाल्यावर त्याने सुरतेला फोन लावला.

"थांबा, चष्मा घेतो," सुरत म्हणाली. "हं. तुमच्या मागच्या सेक्टरमध्ये आहे, शाळेच्या भिंतीला लागून. आणि मागे कोणीतरी लावलीय वाटतं, ती तुमची जागा मला ठाऊक आहे."

डबी तशीच आहे. तिच्या सिमचं रिचार्ज कोणी भरायचं, यावर मात्र दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. सुरतेचं म्हणणं आहे की गाडी वापरणाऱ्याने भरावं, आणि हा म्हणतो की जो बघतो त्याने.